पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत नियंत्रण-नळ्यांचे स्थान

जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत पॉलिमरेज शृंखला-अभिक्रियेस महत्त्वाचे स्थान आहे. कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचलेल्या आणि १९९३ साली नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या या रीतीने डीएनएच्या इष्ट खंडाच्या असंख्य प्रती तयार करता येतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअस तापमानास डीएनएचे दोन धागे विलग होतात. तापमान ५० ते ६५ अंशांपर्यंत उतरविले म्हणजे प्रायमर आपापल्या जागी जुळतात. आणि ७२ अंशांस उष्णतेत टिकणारे पॉलिमरेज एंझाइम नवा धागा तयार करते. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात असे धरल्यास ३० आवर्तनांअखेर एका रेणूपासून १०७ कोटींहून अधिक रेणू होतात.

या रीतीचे जे सामर्थ्य, तेच तिचे मर्मस्थान होय. एक हजार रेणूंपासून आरंभ केल्यास नळीत, निदान गणिताने, एक लक्ष कोटी प्रती साठतात. झाकण उघडताना त्या द्रवाचा एक लक्षांश भाग जरी तुषाररूपाने उडाला, तरी त्यात एक कोटी प्रती असतात. आणि पुढील प्रयोग बिघडविण्यास त्यांपैकी मोजक्या पुरेशा होतात. यास्तव जेलवर पट्टी उमटली, एवढ्यावरून नमुन्यात इष्ट डीएनए होता असे म्हणता येत नाही.

हा निर्णय नियंत्रण-नळ्यांवर अवलंबून असतो, आणि त्यांतील प्रत्येक नळी एका मर्यादित प्रश्नाचेच उत्तर देते. नमुन्याऐवजी केवळ शुद्ध पाणी घातलेल्या नळीत पट्टी उमटल्यास रसायने वा पिपेट दूषित आहेत असे समजावे आणि त्या खेपेतील होकारात्मक निष्कर्ष बाजूस ठेवावेत. ज्ञात डीएनएच्या नळीत पट्टी न उमटल्यास अभिक्रियाच झालेली नाही. मग नमुन्याच्या नकारास अर्थ उरत नाही. नमुन्यात ज्ञात डीएनए मिसळूनही पट्टी न आल्यास नमुन्यातच अभिक्रियेस रोखणारे द्रव्य असण्याचा संभव असतो. वनस्पतींतील पॉलिफिनॉले आणि रक्तातील हीम ही त्याची परिचित उदाहरणे होत. डीएनए वेगळा काढण्याच्या पहिल्या पायरीपासून नमुन्याविना चालविलेली नळी त्या टप्प्यावरील दूषितता उघड करते.

तथापि या सर्व नळ्या निर्दोष ठरल्या तरी शंका संपतेच असे नाही. अमेरिकेतील यूटा येथील कोळशाच्या खाणीतून मिळालेल्या, सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वीच्या अस्थिखंडांतून डीएनए मिळाल्याचे १९९४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तो अनुक्रम वस्तुतः मानवी डीएनएशी जुळतो, असे १९९५ साली त्याच नियतकालिकात इतर संशोधकांनी दाखवून दिले. नमुन्यासच चिकटून आलेला परका डीएनए पाण्याच्या नळीत दिसू शकत नाही; तो ओळखण्यास अनुक्रमाची तुलना आणि अभ्यासकाचा विवेक यांचीच आवश्यकता असते.

या दृष्टीने प्रात्यक्षिकांची मांडणी करावयास हवी. मिश्रण तयार करण्याची जागा, नमुना घालण्याची जागा आणि जेलची जागा शक्यतो निराळ्या असाव्यात, आणि काम एकाच दिशेने पुढे जावे. जेलजवळचे पिपेट वा अंगरखे मिश्रणाच्या जागी परत नेऊ नयेत. पिपेटने घेतलेले १०० मायक्रोलिटर पाणी तराजूवर १०० मिलिग्रॅमच्या जवळपास भरते की नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः पडताळावे. नियंत्रण-नळ्या आयत्या न देता त्यानेच त्या योजाव्यात, आणि कोणती नळी कोणत्या शंकेसाठी हे आधी वहीत लिहावे.

गुणांकनाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. अपेक्षित पट्टीस गुण दिल्यास पाण्याच्या नळीतील नको असलेली पट्टी वहीतून गाळण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. बिघडलेल्या प्रयोगाची नोंद यथातथ्य करून कारणाचा शोध घेणाऱ्यास पूर्ण गुण मिळावयास हवेत. हाच विद्यार्थी उद्या एखाद्या रुग्णाच्या नमुन्यावर होकार वा नकार लिहील, आणि त्या एका शब्दावर औषधोपचार ठरेल. तो शब्द लिहिण्यापूर्वी पाण्याच्या नळीकडे पाहण्याची सवय त्यास याच प्रयोगशाळेत लागली पाहिजे.