फरशीची तहान

दगड एकदा जमिनीवर बसला की त्याची काळजी संपली, अशी सर्वसाधारण समजूत असते. घरात ती खपून जाते. परंतु ज्या पेढीत, दुकानात किंवा उपाहारगृहात दिवसभर माणसांची वर्दळ असते, तेथे वाटेवरची फरशी काही वर्षांतच निस्तेज होते आणि भिंतीलगतची मात्र नव्यासारखी राहते. असे का व्हावे?

शहाबादी किंवा कोटा फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. मकराण्याचा संगमरवर हेही चुनखडीचेच रूपांतर. या दगडांतील मुख्य खनिज कॅल्साइट. फ्रीडरिख मोह्स यांनी १८१२ साली मांडलेल्या काठिण्यश्रेणीत त्याचे स्थान ३, तर वाळूतील क्वार्ट्‌झचे ७. तेव्हा फरशी झिजते ती जोड्यांनी नव्हे, तर जोड्यांना चिकटून आलेल्या रेतीने.

दगडाचा दुसरा शत्रू त्याची स्वतःची तहान. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तेल, चहा, शाई आत शोषली जाते व डाग पडतो. लिंबाच्या रसाचा चट्टा मात्र निराळा. तेथे आम्लाने दगडच विरघळलेला असतो. डाग पुष्कळदा काढता येतो. चट्टा जाण्यासाठी फरशी पुन्हा घासावी लागते.

यावर चकचकीत लेपाचा उपाय अनेकदा योजला जातो. पण जमिनीतून ओल वर येत असेल, तर लेपाखाली ती कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिलेन-सिलॉक्सेन वर्गातील द्रव्ये छिद्रे न बुजविता केवळ त्यांच्या भिंती जलरोधक करतात. त्यामुळे आतील वाफेला वाट राहते. फरशीवर टाकलेला पाण्याचा थेंब मुरून तेथे दगड काळसर दिसू लागला, की अशा द्रव्याची गरज आहे, असे समजावे. मात्र रेती आणि आम्ल यांपुढे तेही हतबल ठरते.

म्हणून खरे संरक्षण उंबरठ्यापाशीच सुरू होते. तेथे चार-सहा पावले पडतील एवढे लांब पायपुसणे असावे. आधी मऊ झाडूने कोरडा केर काढावा, मगच ओले फडके फिरवावे; एरवी तेच फडके रेती फरशीवर घासत नेते. पाण्यात सौम्य साबण पुरे. शौचकूप धुण्याचे आम्ल फरशीला कधीही लावू नये. सांडलेले तत्काळ टिपून घ्यावे. महागड्या द्रव्याचे मोल या रोजच्या शिस्तीनंतरचे आहे. कारण लेप पुन्हा देता येतो, झिजलेला दगड पुन्हा भरून येत नाही.