कोणती गाडी परवडेल?

गाडी घेणारा माणूस आधी किंमत विचारतो. मग विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्ही उत्तरे एकत्र मांडली, तरच खरा खर्च कळतो. चला, मांडून पाहू.

समजा, पेट्रोलची गाडी ४ लाखांना मिळते आणि सीएनजीची ४ लाख ९० हजारांना. पेट्रोल १०० रुपये लिटर, आणि गाडी लिटरला २० किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला ५ रुपये पडले. सीएनजी ९० रुपये किलो, आणि गाडी किलोला ३० किलोमीटर धावते. म्हणजे ३ रुपये पडले. भाव बदलतात. तुम्ही आपल्या पंपावरचा भाव घाला, रीत तीच.

एकूण खर्च = गाडीची किंमत + (दर किलोमीटरचा खर्च × किलोमीटर)

बीजगणितात याला रेषीय फलन म्हणतात. नावाला भिऊ नका. रिक्षाचे मीटर हेच करते. आधी ठराविक भाडे, मग अंतराप्रमाणे वाढ.

आता चौकटीच्या कागदावर आडवे किलोमीटर आणि उभे रुपये मांडा. दोन सरळ रेघा निघतील. पेट्रोलची रेघ खालून सुरू होते, पण भराभर चढते. सीएनजीची वरून सुरू होते आणि सावकाश चढते. त्या कुठे भेटतात? किमतीतला फरक ९० हजार. किलोमीटरमागे बचत २ रुपये. ९०,००० भागिले २, म्हणजे ४५,००० किलोमीटर. तिथे दोन्ही गाड्यांचा खर्च सारखाच, ६ लाख २५ हजार. त्यापुढे सीएनजी स्वस्त.

पोलादपूरहून महाडला रोज कामाला जाणारा माणूस घ्या. जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर. वर्षात ३०० दिवस धरले, तर १२,००० किलोमीटर. त्याचे जादा पैसे पावणेचार वर्षांत वसूल होतात. थेंबे थेंबे तळे साचते ते असे.

दुसरा माणूस फक्त लग्नकार्याला आणि बाजारहाटाला गाडी काढतो. वर्षाला ३,००० किलोमीटर. त्याला १५ वर्षे लागतील! त्यात वरचे ९० हजार कर्जाने काढले असतील, तर दरसाल दरशेकडा १० प्रमाणे पहिल्याच वर्षी ९,००० रुपये व्याज झाले. बचत मात्र ६,०००. म्हणजे स्वस्त इंधनाच्या नादाने ३,००० पदरचे गेले. पहिल्या माणसाची बचत २४,०००. तो व्याज भरूनही फायद्यात राहतो.

आंबेनळी किंवा कशेडी घाटात गाडी जास्त इंधन खाते. म्हणून दुकानदाराने सांगितलेला आकडा धरू नका. त्याच वाटेने गाडी हाकणाऱ्याला विचारा. विमा, दुरुस्ती यांतही फरक असेल, तर तोही मांडा.

विकणारा "इंधन स्वस्त पडेल" एवढेच सांगतो. ते खोटे नाही. पण वर्षाला आपण किती किलोमीटर फिरतो, हे आपल्यालाच ठाऊक. तो आकडा आधी वहीत लिहा. कर्जाच्या कागदावर सही त्यानंतर करा.