घरातला पेट्रोलचा साठा, धोका वाफेचा

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी ‘हिट अँड रन’संबंधीच्या नव्या तरतुदीविरोधात आंदोलन पुकारले आणि मुंबई, नागपूरसह राज्यातील अनेक शहरांत पेट्रोल पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. टंचाईची वा दरवाढीची कुणकुण लागली, की गाडीची टाकी भरून सगळ्यांचेच समाधान होत नाही. मिनरल वॉटरची रिकामी बाटली, खाद्यतेलाचा कॅन, जे हाती लागेल त्यात ‘असू दे दोन लिटर घरात’ म्हणून पेट्रोल भरले जाते. मग ते जिन्याखाली, बाल्कनीत, तर कधी चक्क स्वयंपाकघरातील ओट्याखाली ठेवले जाते. हे दोन लिटर किती महाग पडू शकतात, याची मात्र अनेकांना कल्पना नसते.

ब्रिटनमध्ये मार्च २०१२ मध्ये असेच घडले. टँकरचालकांच्या संभाव्य संपाच्या पार्श्वभूमीवर तेथील एका मंत्र्याने घरी थोडे जादा इंधन ठेवण्याचा सल्ला दिला. त्यानंतर काही दिवसांतच यॉर्क शहरात एक महिला स्वयंपाकघरात एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पेट्रोल ओतत असताना जवळच्या पेटत्या गॅसमुळे भडका उडाला आणि ती गंभीररीत्या भाजली. या घटनेनंतर मंत्र्यांच्या सल्ल्यावर सडकून टीका झाली.

जळते ती वाफ

पेट्रोल द्रवरूपात दिसत असले, तरी पेटते ती त्याची वाफ. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते. आपल्याकडील हवामानात तर ती सतत निघत असते. हवेत या वाफेचे प्रमाण अवघे दीड टक्का झाले, तरी एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही पोहोचते. देवघरातले निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, गिझर, फ्रिज किंवा विजेचे बटण यांपैकी काहीही ठिणगीचे काम करू शकते. बाटली पेटत्या ज्योतीपासून लांब आहे, हा दिलासा म्हणूनच फसवा ठरतो.

कायदा काय सांगतो?

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार पेट्रोलची गणना सर्वाधिक ज्वालाग्राही अशा ‘अ’ वर्गात होते. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या पात्रातच असले पाहिजे. काचेचे वा चिनी मातीचे पात्र एक लिटरपेक्षा, तर धातूचे पात्र २५ लिटरपेक्षा मोठे असू नये, असे बंधन आहे. या यादीत प्लॅस्टिकच्या बाटलीचा उल्लेखच नाही. या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी असलेल्या ‘पेसो’ अर्थात पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

अर्थात, कायद्याने मुभा दिली म्हणजे सुरक्षिततेची हमी मिळाली, असे नव्हे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये किंवा चाळीत पेट्रोल सुरक्षित ठेवता येईल, अशी जागाच नसते. तेथे साठा न करणे हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग.

ठेवावेच लागले तर

जनरेटर किंवा गवत कापण्याच्या यंत्रासाठी काहींना थोडे पेट्रोल ठेवावे लागते. त्यांनी पुढील पथ्ये पाळावीत.

- मान्यताप्राप्त, घट्ट झाकणाचा धातूचा डबाच वापरावा व त्यावर ठळक अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहावे. पाण्याच्या बाटलीतील पेट्रोल मुलांनी पाणी समजून पिण्याचा धोका असतो.
- डबा काठोकाठ भरू नये. वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक वाढते. त्यासाठी किमान पाच टक्के जागा मोकळी सोडावी.
- डबा राहत्या घराबाहेर, सावलीत, हवेशीर आणि कुलूपबंद जागी ठेवावा. जिना व बाहेर पडण्याची वाट यांच्याजवळ तो कदापि नसावा.
- डबा भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर टेकवावा. त्यामुळे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो.
- इंधन उघड्यावरच ओतावे. यंत्र गरम असताना त्यात पेट्रोल भरू नये. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये.

साठवणुकीत फायदाही नाही

पेट्रोल फार काळ टिकत नाही. त्यातील हलके घटक उडून जातात आणि काही महिन्यांत त्याची प्रत घसरते. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यातील पेट्रोल लवकर खराब होते. असे जुने पेट्रोल मोरीत वा गटारात ओतणे तर अत्यंत धोकादायक. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी भुयारी गटारांत शिरलेल्या पेट्रोलमुळे झालेल्या स्फोटांत दोनशेहून अधिक जणांचा बळी गेला होता. जुन्या पेट्रोलचे काय करावे, हे गॅरेजमधील जाणकारास विचारावे.

दुर्घटना घडल्यास

घरात पेट्रोल सांडल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये; पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाण्यावर तरंगत आग पसरवते. आग लहान असेल, तर कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्र वापरावे. अन्यथा बाहेर पडून १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. भाजलेल्या भागावर मात्र वाहते थंड पाणी सोडावे. कोणी पेट्रोल प्यायले असल्यास उलटी करवू नये. ते फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

संप एक-दोन दिवसांत मिटतो, पंपही पुन्हा सुरू होतात. तोवर बस वा लोकलने काम भागवणे केव्हाही स्वस्त. पेट्रोलची योग्य जागा गाडीच्या टाकीतच!