पॉलिहाऊसचा सुखाचा हंगाम

थंड देशांत काचघर बांधतात ते ऊब अडवून ठेवायला. आपल्याकडे गणित उलटं. पवन मावळात, तळेगाव-कामशेतच्या पट्ट्यात गुलाबाची जी पॉलिहाऊस दिसतात, त्यांच्या माथ्याला लांबलचक झरोका ठेवलेला असतो. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर घालवणं हीच इथली मोठी डोकेदुखी. छपराला पांढरा रंग मारा, शेडनेट ओढा, फॉगर चालवा, तरी मे महिन्यात दुपारी आत थांबवत नाही. पावसाळ्यात दमटपणाने जीव नकोसा होतो. नोव्हेंबर उजाडला की मात्र हीच जागा हवीहवीशी वाटू लागते.

गुलाबालाही हाच काळ मानवतो. दिवसा २४ ते २८ अंश आणि रात्री १५-१६ अंश तापमान मिळालं की काडी लांब होते, कळी भरते आणि पाकळ्यांचा रंग गडद होतो. उन्हाळ्यात घाईने उमलून लहान राहणारं फूल थंडीत सावकाश वाढतं. मजुरी तीच, कष्ट तेच. पण हाती येणारा माल डोळ्यांत भरतो. या कामातला मोठा आनंद तोच.

सकाळी बाहेर दव असतं आणि आत प्लास्टिकवर पाण्याचे थेंब. पॉलिथिनचा साधा कागद रात्री जमिनीची ऊब फारशी धरून ठेवत नाही, त्यामुळे पहाटे आतही गारठा असतो. ऊन चढलं की मात्र झपाट्याने ऊब भरते. मग बाजूचे पडदे गुंडाळायचे. यात अंदाज महत्त्वाचा. फार लवकर उघडले तर झाडाला गारवा लागतो. फार उशीर केला तर ओल कोंडते, शिवाय प्रकाश मिळताच पानं आतला कार्बन डायऑक्साइड वापरू लागलेली असतात, त्यांना ताजी हवा मिळत नाही. ओल पानावर रेंगाळली की डाउनी आलाच. हा रोग पानं गाळतो आणि आठवड्याभरात बेड उघडे पाडतो. संध्याकाळी पडदे कधी सोडायचे, हे जुनी माणसं मीटर पाहण्याआधी अंगावरच्या गारव्यावरून सांगतात.

या हंगामाला एक तारीखही असते: १४ फेब्रुवारी. त्यासाठीची तयारी डिसेंबरच्या पूर्वार्धातच करावी लागते. कापणी करून नवी फूट काढली, की ती फुलावर यायला थंडीत साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. फुलं परदेशी जायची तर जानेवारीअखेरीपासूनच तोडा सुरू व्हायला हवा. चार दिवस कडाक्याची थंडी पडली की फूल लांबतं, ढगाळ हवेने रोग वाढतो. म्हणून या दिवसांत सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे.

हातांना मात्र उसंत नसते. कमजोर काड्या मोडू न देता वाकवायच्या, म्हणजे त्यांची पानं झाडासाठी अन्न बनवत राहतात. बाजूच्या कळ्या खुडून सगळा जोर एकाच कळीकडे वळवायचा. कळीला जाळीची टोपी घालायची. ही कामं बहुतेक ठिकाणी बायकांच्या हाती असतात. दोन बेडांमधून गप्पा मारत त्या सराईतपणे पुढे सरकतात. मग तोडा: खाली पाच पर्णिकांची दोन पानं राखून काप घ्यायचा आणि काडी लगेच पाण्याच्या बादलीत ठेवायची. लांबीनुसार प्रतवारी, वीस-वीसचे बंच आणि २ ते ४ अंशांची शीतखोली. घट्ट कळी असतानाच हे सगळं उरकावं लागतं.

या हिवाळ्यात मावळाकडे जाणं झालं तर एखाद्या शेतकऱ्याची परवानगी काढून दहा-अकराच्या सुमारास पॉलिहाऊस जरूर पाहा. दारातल्या जंतुनाशकात पाय बुडवून आत जा, दुसरं दार उघडण्याआधी पहिलं लावा आणि कळ्यांना हात लावू नका. फेब्रुवारीत फूल विकत घ्याल तेव्हा घट्ट कळी निवडा, काडीचं टोक तिरपं कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. मावळातल्या दोन महिन्यांच्या मेहनतीचं फूल तुमच्या घरी आठवडाभर तरी टिकायला हवं!