साथीचा माग काढणारी माणसे

१९९८ सालचा पावसाळा. आमच्या वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. आठ दिवसांत घरटी एक माणूस अंथरुणाला खिळला. सलाईनच्या बाटल्या भिंतीच्या खुंटीला टांगून लोक घरातच पडले होते. आमच्यापासून चार खोल्या पलीकडे एक तीन वर्षांचे लेकरू गेले. रात्री उलट्या सुरू झाल्या आणि सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत डोळे खोल गेलेले होते.

पाहणीला एक साहेब आले. नाकाला रुमाल लावून गल्लीच्या तोंडाशीच थांबले. "या लोकांना स्वच्छता ठाऊकच नाही," असे सोबतच्या माणसाला म्हणाले आणि गाडीत बसून गेले. आम्ही सगळ्यांनी ते ऐकले, पण कुणी उत्तर दिले नाही. ज्याच्या घरात मयत झालेली असते त्याच्यात वाद घालायचे त्राण नसते.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात वही. त्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या नाहीत. एकेका उंबऱ्यावर बसून विचारू लागल्या, "काकू, पाणी कोणत्या नळाचं भरता? जुलाब कोणत्या दिवसापासून? घरात आधी कुणाला झालं?" तीन दिवस त्या हेच करत होत्या. त्यांच्या वहीत वस्तीचा नकाशा होता आणि आजारी माणूस असलेल्या प्रत्येक घरावर फुली. तिसऱ्या दिवशी फुल्या बघून आम्हालाही कळले. नाल्याकडच्या नळावर पाणी भरणाऱ्या घरांत फुल्यांची दाटी होती. विहाराजवळच्या नळावर भरणाऱ्यांत मोजून दोन. खोदून पाहिले तर नाल्याकडच्या नळाची लाईन गटारातून गेलेली आणि गंजून फुटलेली निघाली. पाइप बदलला, पाण्यात औषध टाकले आणि साथ थांबली.

दोष वस्तीच्या सवयीचा नव्हता, फुटक्या पाइपाचा होता. आम्ही कितीही ओरडलो असतो तरी हे कुणी मानले नसते. त्या बाईंच्या वहीपुढे मात्र साहेबांचेही काही चालले नाही.

हे काम करणाऱ्या माणसांची ओळख आज करून द्यायची आहे. कारण आपल्या घरात दहावी-बारावी झाली की डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर मिळेल ती नोकरी, एवढ्याच गोष्टी बोलल्या जातात. साथीचा माग काढण्याचे हे शास्त्र आणि त्यातल्या नोकऱ्या बऱ्याच पालकांच्या कानावरच गेलेल्या नाहीत.

माग काढतात कसा?

या कामाला साथरोगशास्त्र म्हणतात. नाव मोठे असले तरी रीत समजायला सोपी आहे. आधी खात्री करायची की खरोखर साथ आहे का, की नेहमीइतकेच रुग्ण आहेत. मग ठरवायचे की रुग्ण म्हणायचे कुणाला. उदाहरणार्थ, 'चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब झालेला माणूस'. मग एकेका रुग्णाची यादी करायची : नाव, वय, घर, काम, आजार सुरू झाल्याचा दिवस, काय खाल्ले, कुठले पाणी प्याले. त्या यादीतून तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची : कधी, कुठे आणि कुणाला?

पुढे येतो हिशेब. समजा, एका नळाचे पाणी ५० जण प्याले आणि त्यातले २५ आजारी पडले. दुसऱ्या नळाचे ५० जण प्याले आणि त्यातले फक्त २ आजारी पडले. म्हणजे पहिल्या नळावर शंभरात पन्नास, दुसऱ्यावर शंभरात चार. संशय कुणावर घ्यायचा हे सातवीतले पोरही सांगेल. म्हणून नुसते आजारी लोक मोजून भागत नाही. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारावे लागते. नंतर पाण्याचे आणि रुग्णांच्या शौचाचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पण निकालाची वाट बघत हातावर हात ठेवून बसत नाहीत. ओआरएसची पाकिटे वाटणे, पाणी उकळायला सांगणे, टीसीएल पावडर टाकणे, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन उतरले का ते पाहणे हे पहिल्या दिवसापासून सुरू असते.

मजुराच्या मुलाने घातलेला पाया

या शास्त्राच्या इतिहासात जॉन स्नो हे नाव पहिल्या पानावर येते. तो १८१३ साली इंग्लंडमधल्या यॉर्क गावी मजुराच्या घरी जन्मला. चौदाव्या वर्षी एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि पुढे स्वतः डॉक्टर झाला. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. सहाशेहून अधिक माणसे मेली. त्या काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत, पटकी घाणेरड्या हवेतून होते. स्नोला ते पटत नव्हते. त्याने दारोदार जाऊन मृतांची घरे नोंदवली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती मृत्यूंची दाटी दिसली.

पण त्याचे डोळे जे मेले नाहीत त्यांच्याकडेही होते. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात पाचशेवर लोक राहत, तिथे फक्त पाच मेले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. पंपाजवळच्या दारूभट्टीतल्या सत्तरेक कामगारांपैकी कुणीच दगावले नाही, कारण ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. उलट, दूर राहणारी एक विधवा पटकीने मेली. चौकशीत कळले, तिला त्या पंपाचे पाणी आवडायचे म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे. स्नोने हे सगळे पुढे मांडले आणि ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीचे जंतू तेव्हा स्नोला दिसले नव्हते. पण लोक कोणते पाणी पितात हे विचारून त्याने रोगाचा रस्ता ओळखला होता.

पाण्याचे मोल आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते सार्वजनिक पाण्यावरच्या हक्कासाठी. ते पाणी शुद्ध मिळणे हा त्या हक्काचाच भाग आहे.

प्लेगची शिकवण

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातले रुग्ण पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. आजची परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाकडे येतो.

पण सरकारी माणसे त्या काळी सक्तीने घरात शिरत, सामान बाहेर फेकत, माणसे उचलून नेत. लोक इतके धास्तावले की रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले आणि त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोक दार कुणाला उघडतात आणि कुणासाठी लावून घेतात, याचे उत्तर या दोन चित्रांत आहे.

माकडे, उंदीर आणि विहिरी

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ सरपणाला आणि गुरांमागे जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले, शास्त्रज्ञ तिथे गेले. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी आधी धास्ती होती. निघाला एक नवाच विषाणू, जंगलातल्या गोचिडांतून पसरणारा. २०१६ साली हाच 'माकडताप' सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारे लोक त्याच्या तडाख्यात सापडले.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले. आदल्या सप्टेंबरच्या भूकंपानंतर धास्तीने लोक घराबाहेर राहिले, घरात धान्य तसेच पडून राहिले आणि उंदीर माजले. उंदीर मरू लागले तेव्हा पिसवा माणसांवर आल्या. महिनाभराने सुरतेत प्लेगचा हाहाकार झाला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत हातावर पोट असलेले मराठी मजूरही होते.

अगदी अलीकडचे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात हातापायांतली ताकद जाणाऱ्या जीबीएस आजाराचे रुग्ण वाढले. संशयितांची संख्या दोनशेवर गेली. पथके घरोघर फिरली, विहिरींचे आणि टाक्यांचे पाणी तपासले. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. पावणेदोनशे वर्षे लोटली, तरी पहिला प्रश्न तोच : पाणी कुठले पिता?

वाटा कोणत्या?

डॉक्टरच व्हावे लागते असे नाही. घरच्या परिस्थितीप्रमाणे वाट निवडता येते.

दहावीनंतर : जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक (पुरुष) हे पद असते. दहावीला विज्ञान विषय हवा. हिवताप कार्यक्रमात हंगामी फवारणीचे काम ९० दिवस केलेल्यांसाठी या भरतीत वेगळा वाटा ठेवलेला असतो. फवारणीला जाणाऱ्या मुलांनी म्हणूनच अनुभवाचा दाखला जपून ठेवावा.

बारावीनंतर : मुलींसाठी दोन वर्षांचा एएनएम आणि तीन वर्षांचा जीएनएम नर्सिंग कोर्स. एएनएम झालेली मुलगी आरोग्य सेविका होऊ शकते. सायन्सच्या मुलांना डीएमएलटी करून प्रयोगशाळेत जाता येते. एक वर्षाचा स्वच्छता निरीक्षकाचा डिप्लोमा केला तर नगरपालिका आणि महापालिकेच्या जागांसाठी अर्ज करता येतो. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था हा कोर्स बरीच वर्षे चालवत आहे.

पदवीनंतर : सार्वजनिक आरोग्यातली एमपीएच ही पदव्युत्तर पदवी. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे ती आहे. अनेक ठिकाणी नर्सिंग, आयुर्वेद, दंतवैद्यक, पशुवैद्यक अशा पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. जीवशास्त्राच्या पदवीधरांना पुण्याच्या विषाणू संस्थेत विषाणूशास्त्राची एमएस्सी आहे. डास, पिसवा, गोचीड यांचा अभ्यास पुदुच्चेरीच्या केंद्रात शिकवतात. गणिताची आवड असेल तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. एमबीबीएस झालेल्यांना चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र प्रत्यक्ष साथीच्या जागी नेऊन शिकवते.

जिल्ह्याजिल्ह्यात साथरोग सर्वेक्षण कक्ष आहेत. २००४ पासून उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत साथरोगतज्ज्ञ आणि माहिती नोंदवणारे लोक लागतात. उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेची नोंद इथूनच वर दिल्लीपर्यंत जाते.

पैशांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार योजना आणि परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढून ठेवा. निवड होऊनही कागदापायी जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

खरे तेही सांगितले पाहिजे

त्या बाई १९९८ साली वहीत नकाशा काढत होत्या, तेव्हा शेजारची एक चौदा वर्षांची पोर त्यांच्यामागे गल्लीभर फिरत होती. गेलेल्या लेकराची ती मोठी बहीण. आज ती आरोग्य सेविका आहे. हा लेख लिहिण्याआधी आम्ही तिला भेटलो.

"काका, गोड गोड लिहू नका," ती म्हणाली. "माझी पहिली सात वर्षं कंत्राटात गेली. दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला. आशाताईंना तर पगारच नाही, कामाप्रमाणे मोबदला. कोरोनात आम्ही दारोदार गेलो तेव्हा शेजारीच आम्हाला बघून दार लावून घ्यायचे. हे सगळं मुलींना आधी सांगा, मग या म्हणावं."

आम्ही विचारले, मग मुलींना या म्हणून सांगायचे कशासाठी?

ती म्हणाली, "वस्तीत साथ आली की अजूनही कुणीतरी म्हणतंच, हे लोक असेच. तेव्हा मी वही उघडते. मी याच वस्तीतली, मला ठाऊक असतं कुठला नळ किती वाजता येतो, कोणती बाई कामाला पहाटे जाते म्हणून यादीतून सुटते. बाहेरच्या माणसाला हे कळायला आठ दिवस लागतात. आठ दिवसांत लेकरं जातात."

पालकहो, यंदा निकाल लागला की मुलामुलीला जवळ बसवून हा लेख वाचून दाखवा. विहारातल्या फळ्यावर या कोर्सची नावे लिहा. आणि वस्तीत एकाच आठवड्यात दोन-चार घरांत जुलाब किंवा ताप दिसला, तर कुणी येईल म्हणून थांबू नका. कोणत्या घरात, कोणत्या दिवशी, कोणत्या नळाचे पाणी एवढे तीन रकाने वहीत आखा आणि ती वही घेऊन आरोग्य केंद्र गाठा.