जुना लॅपटॉप, नवी डिस्क

कॅसलरॉकच्या रहिवाशांस घाटाचा हिशेब नव्याने सांगावयास नको. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचे अंतर अवघे सुमारे २६ किलोमीटर. परंतु चढ दर ३७ फुटांस १ फूट असल्यामुळे वर येणाऱ्या गाड्यांस जादा इंजिने जोडावी लागतात. सपाटीवर गाडी कितीही वेगाने धावो, प्रवासाचा खोळंबा घाटातच होतो.

घरातील जुन्या लॅपटॉपचेही असेच असते. तो सुरू होण्यास पाच-सात मिनिटे लागू लागली की आपण त्यास निकामी ठरवितो. वास्तविक त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, पुष्कळदा धडधाकट असतो. खोळंबा होतो तो माहिती साठविणाऱ्या हार्ड डिस्कपाशी. हिच्यातील तबकडी सामान्यतः मिनिटास ५,४०० वेळा फिरते, आणि हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत प्रोसेसर रिकामा बसतो. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नाही. तिच्यातील मजकूर जवळजवळ शंभरपट लवकर हाती येतो.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आज एका छायाचित्रासच तेवढी जागा लागते. मग लग्नाची व बाप्तिस्म्याची छायाचित्रे, जमिनीचे कागद, मुलांच्या अभ्यासाच्या वह्या हे सारे एकाच डिस्कवर असेल, तर ती बिघडण्यात केवढी हानी आहे, याचा वाचकांनीच विचार करावा.

यास्तव स्क्रू काढण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत दुसरीकडे करून घ्यावी. डिस्क खटखट वाजत असेल, तर लॅपटॉप तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावा. बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा जातीची एसएसडी बसते. तथापि खरेदीपूर्वी खात्री करावी, कारण काही पातळ यंत्रांत डिस्क पटावरच डाखलेली असते व ती बदलता येत नाही. काम करताना वीज तोडावी, बॅटरी अलग करावी आणि अंगातील स्थिर वीज उतरावी म्हणून आधी धातूस हात लावावा.

डिस्क बदलल्याने सर्वच दुखणी जातात असे मात्र नव्हे. रॅम अवघी २ जीबी असेल, तर तीही वाढवावी लागेल. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालता येते.

काढलेली डिस्क भंगारवाल्यास देऊ नये. तिच्यावर घरची सारी खासगी माहिती असते. ती चांगली असल्यास यूएसबीच्या डबीत बसवून दुसरी प्रत म्हणून जपावी. कारण एसएसडीही कधीकाळी बिघडते, आणि तेव्हा ती बहुधा पूर्वसूचना देत नाही.