बास वाढवला आणि पैसे बुडाले: शेल्फ ईक्यू समजून घ्या

घरच्या घरी जाहिरातींचा आवाज रेकॉर्ड करून द्यायचा व्यवसाय सुरू करताय? मग आधी माझी फजिती ऐका.

मिठाईच्या एका दुकानाची जाहिरात होती. मालक म्हणाले, "आवाज भरदार पाहिजे." मी लो शेल्फ लावून 150 हर्ट्झच्या खाली 6 डेसिबल वाढवले. हेडफोनवर एक नंबर! पण रिक्षाच्या भोंग्यावर वाजवलं तर शब्दच कळेनात, आवाजही बारीक. सगळं काम परत फुकट करून द्यावं लागलं.

झालं काय? शेल्फ म्हणजे पायरी. तुम्ही एक फ्रिक्वेन्सी निवडता, तिच्या आसपास चढ सुरू होतो आणि मग लो शेल्फ असेल तर खालचं सगळं, हाय शेल्फ असेल तर वरचं सगळं सारखंच उचललं जातं. ॲम्प्लिफायरवरचे बास-ट्रेबलचे नॉब म्हणजे हेच. पीटर बॅक्सन्डॉल यांनी 1952 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात असं सर्किट दिलं होतं, त्यांचं नाव आजही प्लगइनमध्ये दिसतं.

'सगळं' हा शब्द लक्षात ठेवा. माझ्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि टेबलाची धडधडही वाढली. 6 डेसिबल म्हणजे सिग्नलची उंची जवळपास दुप्पट! फाइलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते. ती जागा बासने खाल्ली, म्हणून पूर्ण आवाज खाली आणावा लागला. आणि भोंगा तर खालचा बास वाजवतच नाही. म्हणजे जागा गेली ती गेलीच.

आता मी आधी 80 हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावतो. आवाज घुमत असेल तर 200 च्या खाली शेल्फने 2-3 डेसिबल उलट कमी करतो. हाय शेल्फ 8-10 किलोहर्ट्झला, तोही जपून, कारण 'स' आणि 'श' लगेच टोचायला लागतात. शेल्फ चालू-बंद करून ऐकताना दोन्हीचा व्हॉल्यूम सारखा ठेवा, नाहीतर मोठा आवाज चांगलाच वाटतो (आपलेच कान आपल्याला फसवतात!).

मास्टरिंगला तर अर्धा-एक डेसिबल पुरे. तिथे गायक, तबला, झांजा सगळे एकाच शेल्फवर चढतात. जास्त लागतंय असं वाटलं तर मिक्सकडे परत जा.

आणि हो, दर सांगण्याआधी विचारा, "हे वाजणार कुठे?" मी आता भोंग्यासाठी एक आणि मोबाईलसाठी एक अशा दोन फाइल देतो. दुसरीचे पैसे वेगळे.